तिन्ही खुर्च्या रिकाम्या

मे २०२१, शॅम्पेन-अर्बाना, अमेरिका. रात्रीचे दीड.

झोप नाहीच. घरी आईबाबांसाठी कोविनवर लसीचा स्लॉट शोधायचा म्हणून तिकडच्या वेळेने जागते आहे, आणि मध्येच फोनवर बातमी आली की अँटिग्वा आणि चिन कोलमन दोघंही केंटकीला चालले. जेन्ट्री आधीच गोन्झागाला गेलाय. म्हणजे इलिनॉयच्या बास्केटबॉल टीमचे तिन्ही असिस्टंट कोच एकाच वसंतात गेले, आणि नियमाने असतातच तीन, त्यामुळे आता बेंचवर हेड कोच ब्रॅड अंडरवूड एकटा. तिकडे देशात काय चाललंय आणि मी हे काय घेऊन बसलेय असं वाटलं क्षणभर, पण वाईट वाटलं ते वाटलंच, म्हणून लिहून काढते.

हे सगळं सुरू कुठून झालं तर दूर पश्चिमेला. गोन्झागा ३१-० अशी एकही मॅच न हरता कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला गेली आणि ५ एप्रिलला बेलरकडून ८६-७० ने हरली, त्यानंतर दहाएक दिवसांत त्यांचा असिस्टंट टॉमी लॉईड अॅरिझोनाचा हेड कोच झाला. वीस वर्षं गोन्झागाचा हेड कोच मार्क फ्यूच्या हाताखाली होता तो! परदेशातून पोरं शोधून आणायची ती त्यानेच, सबोनिस काय, हाचीमुरा काय. त्याची जागा भरायला गोन्झागाने आमचा जेन्ट्री उचलला, तो तिथलाच जुना माणूस. तिकडे केंटकीचेही दोन गेलेले, टोनी बार्बी सेंट्रल मिशिगनचा हेड कोच झाला आणि जोएल जस्टस अॅरिझोना स्टेटला गेला, मग केंटकीचा हेड कोच कॅलिपरीने आमचे दोन नेले. तिकडे एकेक माणूस हलला आणि धक्का खात खात तो इथे मक्याच्या शेतांमध्ये येऊन पोचला.

अँटिग्वाला दोष देता येत नाही मला. कॅलिपरीबरोबर त्याने आधी मेम्फिसला आणि मग केंटकीला बरीच वर्षं काढलीत, जुन्या साहेबाने बोलावलं तर माणूस जाणारच. पण कोफी कोबर्नला इथे आणला तो त्याने. सात फुटी पोरगा, जमैकातून न्यूयॉर्कला आलेला. पोर्टो रिकोचा कुर्बेलो पण त्याचाच. आणि कोलमन शिकागोचा, तिथली शाळा, क्लब, कोणाची आई काय म्हणते हे सगळं त्याच्या फोनमध्ये. हे असं कुठे लिहून ठेवलेलं नसतं की नव्या माणसाला फाईल दिली आणि झालं. त्यात याच एप्रिलमध्ये नियम बदलला, आता पोरांना एकदा वर्ष न गमावता दुसऱ्या कॉलेजात जाता येतं. म्हणजे कोच गेला की त्याच्या मागे पोरगाही जाऊ शकतो. कोफीचं काय होणार या धास्तीत सगळं गाव आहे. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत नंबर एक सीड, म्हणजे सगळ्यात वरचं मानांकन, असून लोयोलाकडून हरलो तेव्हासुद्धा मला इतकं उदास वाटलं नव्हतं, कारण हरल्यावर पुढचा सीझन असतो, माणसं तीच असतात.

मला हे इतकं का लागतं ते मला माहीत आहे. आमचे सर.

गावाकडच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या टीमचे कोच म्हणून कागदावर जिमखान्याच्या सरांचं नाव होतं, पण शिकवायचे ते आमचे सर, मानधनावर. पहाटे साडेपाचला सिमेंटच्या कोर्टवर. रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बास्केट झाली की नाही यावर भांडणं व्हायची. सर रिंगखाली उभे राहायचे आणि आम्ही मारलेला प्रत्येक बॉल उचलून परत द्यायचे, रोज दोनशे-अडीचशे वेळा तरी, आणि पास कसा, तर बरोबर छातीच्या उंचीवर, शिवण आडवी येईल असा, म्हणजे हातात आला की लगेच शॉट. "पाय आधी, मग हात." एवढंच बोलायचे. शिट्टी किल्लीच्या दोरीत बांधलेली, पण वाजवलेली मी फार कमी ऐकलीय. त्या वर्षी आम्ही इंटर-झोनलला गेलो, आमच्यातल्या एकीला युनिव्हर्सिटी कलर मिळाला.

मग सर गेले. मानधन सात महिने थकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. कॉलेजने कोणालाच आणलं नाही. जिमखान्याचे सर म्हणाले तुम्ही सिनिअर आहात, तुम्हीच घ्या प्रॅक्टिस. आम्ही घेतली महिनाभर. मग साडेपाचचे सहा झाले, सहाचे साडेसहा झाले, अकरा जणींच्या सहा राहिल्या, आणि एका सकाळी मी एकटीच कोर्टवर बॉल घेऊन उभी होते, मारलेला बॉल आणायला स्वतःच गटारापर्यंत पळत होते. त्या दिवसानंतर मीही गेले नाही. याचा राग अजून आहे मला, आणि तो असायलाच हवा असं वाटतं.

जून २०२१

कोच आले. टिम अँडरसन, डीपॉलमधून, तो शिकागोचाच. म्हणजे शिकागोचा माणूस गेला तर शिकागोचाच आणला. जेफ अलेक्झांडर इथेच स्टाफवर होता, त्याला वर घेतलं. आणि चेस्टर फ्रेझर. हा व्हर्जिनिया टेकचा असिस्टंट, पण २००५ ते २००९ इथेच खेळलेला, डिफेन्ससाठी ओळखला जायचा. लॅबमधला एकजण त्या काळापासून इथे आहे, तो सांगत होता की चेस्टर अंग जमिनीवर टाकून बॉल काढायचा. घरचा माणूस परत आणला हे वाचून मला खरंच बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

आणि काय झालं माहीत नाही, मी सरांना फोन लावला. चार वर्षांनी. ते आता साताऱ्याकडे एका निवासी शाळेत आहेत. कोरोनामुळे शाळा बंद, मुलं घरी.

"काय गं, डावा हात वापरतेस का अजून?"

मी म्हटलं सर, खेळतच नाही आता. ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, तीन कोच गेले, नवीन तीन आले, त्यातला एक इथलाच जुना प्लेअर. ते म्हणाले, "मी पण दिली होती की दोन नावं." मला कळेचना. तर म्हणे, जाताना प्रिन्सिपॉलना भेटून आमच्या आधीच्या बॅचच्या दोघींची नावं लिहून दिली होती, एक तर गावातच होती, बीपीएड केलेली, फुकटसुद्धा आली असती. कोणी फोनच केला नाही तिला. "मी महिनाभर पाचला उठायचो रे बाबा सवयीने, मग चहा करून बसायचो," एवढं सांगून त्यांनी विषय बदलला, आईबाबांची लस झाली का विचारलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं सर आम्हाला सोडून गेले. कागदावर दोन नावं होती. एक फोन करायचा होता फक्त. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले.

६ मार्च २०२२

कोफी राहिला. उन्हाळ्यात ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, नाव टाकलं तेव्हा संपलं असंच वाटलं होतं, पण जुलैमध्ये परत येतो म्हणाला, आणि या सीझनला मॅचमागे वीसच्या वर पॉइंट आणि दहाच्या वर रिबाउंड.

आज आयोवाबरोबर शेवटची लीग मॅच होती. दुपारी नेब्रास्काने विस्कॉन्सिनला एका पॉइंटने हरवलं तेव्हा सगळ्या बिल्डिंगमधून ओरडल्याचा आवाज आला, कारण आता आम्ही जिंकलो तर आमच्या बिग टेन लीगचं टायटल वाटून का होईना आमचंही, २००५ नंतर पहिल्यांदा. तिकीट मी आधीच काढलं होतं. स्टेट फार्म सेंटरला लवकर गेले, मला ते रिकामं बघायला आवडतं. सिव्हिलवाली आहे मी, चारशे फुटांचा काँक्रीटचा डोम, मध्ये एक खांब नाही, सगळा भार कडेच्या रिंगवर आणि त्या रिंगभोवती ताणून गुंडाळलेली शेकडो मैल तार, जी कोणाला दिसत नाही. मागच्या सीझनला इथे प्रेक्षकच नव्हते. आज पंधरा हजार.

वॉर्म-अपला रिंगखाली स्टाफमधला एकजण उभा होता, पाठमोरा. पोरगा मारतोय, हा उचलून देतोय. मारतोय, देतोय. मी बराच वेळ तेच बघत बसले, आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून सरांना पाठवला. तिकडे सोमवारची पहाट.

७४-७२. शेवटच्या मिनिटाला माझे हात इतके थरथरत होते की फोन पर्समध्ये टाकून दिला. जिंकलो! शेजारच्या अनोळखी आजींनी मला मिठी मारली.

बाहेर आल्यावर थंडीत फोन काढला तर सरांचा मेसेज आलेला. स्कोअर विचारला नव्हता, कोफीबद्दलही काही नाही.

"बॉल देणारा माणूस कोण आहे? पास छातीवर देतो."