आकडे हजारात

25 नोव्हेंबर 2019, सोमवार. फडणवीस आणि अजित पवारांच्या पहाटेच्या त्या शपथविधीला दोनच दिवस झाले होते. ऑफिसात चर्चा एकच, हे सरकार टिकतंय किती! माझ्या टेबलावर मात्र अवकाळी पावसाची नस्ती, म्हणजे फाइल. शेतकऱ्यांच्या मदतीसाठी आकस्मिकता निधीतून 5,380 कोटी द्यायचं ठरलं होतं आणि टिपणी मला लिहायची होती.

हा निधी म्हणजे अडीअडचणीला फडताळातल्या डब्यात ठेवलेले पैसे. संविधानाच्या कलम 267 खालचा, कायम मर्यादा अवघी 150 कोटींची. जास्त लागले की मर्यादा तात्पुरती वाढवायची. एरवी आधी सभागृहाची मंजुरी, मग खर्च. पण नव्या आमदारांचा शपथविधीच व्हायचा होता, मागणार कुणाकडे? म्हणून आत्ता अग्रिम, म्हणजे उचल घ्यायची आणि अधिवेशनात जादा खर्चाची पुरवणी मागणी, मग तिजोरीतून पैसे काढायला मंजुरी देणारं विनियोजन विधेयक करून डबा पुन्हा भरायचा.

तक्त्याच्या डोक्यावर ‘रुपये हजारात’ छापलेलं असतं. घाईत मी 53,80,000 टाकलं. आमच्या कक्ष अधिकारी बाईंनी पेन्सिलीने शेवटच्या शून्याखाली टिंब दिलं. “हे 538 कोटी झाले.” हवे होते 5,38,00,000. एवढंच बोलल्या आणि चहा मागवला. माझे हात गार. चोवीस वर्षांच्या नोकरीत आकडा चुकला नव्हता अशातला भाग नाही, पण एका शून्याला 4,842 कोटी!

चहा घेऊन आलेले शिपाईमामा निफाडकडचे. तीन एकर द्राक्षं, घडांत पाणी शिरून मणी कुजलेले. राज्यपालांनी फळबागांना हेक्टरी 18,000 जाहीर केले होते, दोन हेक्टरपर्यंत. मामा रोज बोटांवर हिशेब करायचे, 21,600. औषधवाल्याची उधारीच त्याच्या चौपट.

मंगळवारी दुपारी राजीनामा आला. मामा दारातूनच म्हणाले, “मॅडम, सरकार गेलं. पैसं माघारी जातील का?”

“नाही हो. डबा कुणी उघडला ते निधीला ठाऊक नसतं. भरायचा पुढच्यांनी.”

“लेखी हाय का?”

“कायद्यात आहे.”

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. “तलाठ्यानं पंचनाम्यात दोनच एकर लिवल्यात,” म्हणाले, “ते कुठल्या कायद्यात बसवायचं?”

त्या तक्त्याला माझ्याकडे रकाना नव्हता. मी तहसीलचा नंबर शोधायला लागले.