पैसे होते, पाइपचा नकाशा नव्हता : माझा अनुभव

काय सांगू राजेहो, गावातले पाण्याचे जुने पाइप बदलायचे म्हटलं की सगळ्यांना वाटतं पैशासाठीच अडत असेल. मलाही तसंच वाटायचं. मी आमच्या नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याचा बाबू, गाव नागपूरपासून एसटीनं दीड तास. शहरांच्या पाण्यासाठी केंद्राची अमृत २.० योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, त्यात एक लाखाच्या आतल्या शहराला प्रकल्पाचा अर्धा पैसा केंद्र देणार होतं, बाकीचा राज्य आणि आपण मिळून. ठराव झाला, कन्सल्टंट नेमला, डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल झाला, हे सगळं पटापट झालं, त्याबद्दल लिहायसारखं काही नाही.

अडकलं ते तांत्रिक मंजुरीत. ऑफिसचं नाव नाही घेत, मला पुन्हा जायचंय तिथं.

पहिली त्रुटी आली की सध्याची पाइपलाइन कुठून जाते, किती इंची, कोणत्या साली टाकली, लांबी किती, हे नकाशासकट द्या. आता आमची लाइन ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपची, म्हणजे एसी पाइप, मोटार चालू झाली की प्रेशरनं कुठं ना कुठं फुटतेच आणि आम्ही सीआयडी जॉइंट, म्हणजे बोल्टनं आवळायचे बिडाचे जोड, मारत फिरतो. कपाट उघडलं तर अर्धी ब्लू प्रिंट, अर्धी उंदरांनी नेलेली. खरा नकाशा होता वॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या वॉलमन काकांच्या डोक्यात, आणि काकांच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेले!

मग काय, सकाळचा पुरवठा बंद झाला की मी, काका आणि चुन्याची पिशवी. काका वॉलची लोखंडी चावी रस्त्यावर ठोकत चालायचे आणि मधेच थांबायचे, "बाबू, इथं टाक चुना, इथून पाइप वाकला, आधी इथं विहीर होती ना." साल विचारलं की सांगायचे, अमक्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाखाली फुटला होता, त्याच्या दोन वर्षं आधीचा. मी ते लग्न कधी झालं ते घरी जाऊन विचारायचो, पत्रिका काढून दाखवली लोकांनी. अकरा ठिकाणी खोदून पाहिलं, नऊ ठिकाणी पाइप बरोबर चुन्याखाली निघाला.

नकाशा घेऊन गेलो. वाटलं झालं. तीन आठवड्यांनी दुसरी त्रुटी, लोकसंख्येचा अंदाज एकाच पद्धतीनं काढलाय, पुढच्या ३० वर्षांचा अंदाज तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढून तुलना द्या. जनगणना शेवटची २०११ ची, तिच्यावरच सगळं उभं, ते ठीक आहे, पण हे पहिल्या वेळेसच का नाही सांगितलं? ते दिलं तर तिसरी, रस्ते फोडल्यावर पूर्ववत करायचा खर्च कुठाय. ही चूक आमचीच होती, कबूल. गावात अर्ध्या गल्ल्या सिमेंट रोडच्या, तो खर्च काही लहान नाही. पण एका दमात सगळं सांगा ना भाऊ! मी टेबलासमोर उभा आणि साहेब म्हणतात, "ठेवून जा, पाहतो." हे पाहतो ऐकायला मी नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर किती वेळा उतरलो, मोजणं सोडून दिलं. आणि एवढं करून फाइल सरकली तर तोवर कामांच्या सरकारी दरांची नवीन दरसूची आली, आता अख्खं एस्टिमेट नव्या दरानं करा. त्या दिवशी मी बाहेर येऊन तर्री पोह्याच्या दोन प्लेटा खाल्ल्या आणि ऑफिसला फोनच नाही केला.

तुमच्या गावाचं चालू असेल तर कन्सल्टंटच्या आधी वॉलमनला पकडा. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, टपाल देऊन आवक नंबर घेतल्याशिवाय परत फिरू नका, नुसतं टेबलावर ठेवलेलं हरवते. लिकेजचं रजिस्टर ठेवा, तारखेसकट फोटो, दुरुस्तीची बिलं, आमच्या फाइलीत सगळ्यात कामाचं तेच ठरलं. आणि हो, घरजोडण्या डीपीआरमध्ये धरल्यात का ते आधी पाहा, हे मला उशिरा सुचलं, नालीतून घरात गेलेली सडकी जीआय (जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी) लाइन तशीच राहिली तर पाणी बंद असताना नालीचं पाणी आत ओढलं जाते, मग मेन लाइन नवी करून उपयोग काय. अमृतमध्ये केंद्राचा पहिला हप्ता २० टक्केच ठरलेला होता, ठेकेदाराला असं काही असेल तर अगोदर सांगून ठेवा.

शेवटी मंजुरीचं पत्र आलं, नवं एस्टिमेट दिल्यावर पाच महिन्यांनी. मी काकांना फोन केला, तोवर ते रिटायर झालेले. अभिनंदन वगैरे काही नाही, पहिलं विचारलं, "बाबू, माह्या नकाशावर सही कोणाची हाये?"

सही कन्सल्टंटची.