दोन ओळी खालीवर आन् अख्खा दिवस गेला

सकाळी दहापासून एकच गोष्ट शोधत होतो राजेहो, कोडमध्ये लिमिट ५० लिहिली आहे तर ऑब्जेक्टमध्ये ० कुठून येते. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला जुना क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा), वरच्या ओळीत स्टॅटिक (अख्ख्या क्लासचा एकच) इन्स्टन्स, म्हणजे त्याच क्लासचा ऑब्जेक्ट, न्यू करून ठेवलेला आणि त्याच्या खाली स्टॅटिक लिमिट ५०. आता क्लास इनिशियलाइज होताना स्टॅटिक फील्ड वरून खाली, लिहिल्या क्रमानेच भरतात, म्हणजे कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) चालला तेव्हा ५० बसलेच नव्हते, त्या बिचाऱ्यानं डिफॉल्ट ० उचलला. कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा) पण मोठा शहाणा, खालचं फील्ड वरच्या ओळीत थेट नावानं वाचलं तर लगेच एरर, पण तेच कन्स्ट्रक्टरच्या आतून वाचलं तर चूप, तिथं आत शिरून तो पाहतच नाही. टीममधल्या पोट्ट्यानं लिमिटला नुसतं फायनल (किंमत पुन्हा बदलायची नाही) लावलं आणि चाललं बे! (कॉन्स्टंट झाला ना, ५० कंपाइल होतानाच चिकटतात.) मी तरी ओळी खालीवर केल्याच, नाहीतर उद्या कोणी ती लिमिट कॉन्फिगमधून (बाहेरच्या सेटिंगमधून) वाचली की पुन्हा तोच ०.

मग तर्री पोहे खायला गेलो तर भाऊनं प्लेटमध्ये पोह्याच्या आधी तर्रीच ओतली, पोट्टा म्हणे सर, इथं पण ऑर्डर चुकली.