कोळशाच्या खाणीकाठचा रॉक

तुलूझहून ईशान्येकडे निघालं की तासाभरात आल्बी येतं आणि आल्बीच्या थोडं पुढे कार्मो. कार्मो हे कोळशाचं गाव. फ्रेंच समाजवाद्यांचा मोठा नेता झाँ जोरेस इथल्या खाणकामगारांच्या जोरावर संसदेत गेला, आणि गाव ते अजून अभिमानानं सांगतं. खाण १९९७ साली बंद झाली. मागे राहिला जमिनीत खणलेला एक अवाढव्य खड्डा. त्या खड्ड्यात तळं, घसरगुंड्या वगैरे करून काप देकुवेर्त नावाचं मौजमजेचं उद्यान उभं केलं गेलं. आणि २००७ साली त्याच उद्यानातल्या संगीतगृहात, जे रॉक संगीत जगात कुठेच धड खपत नाही त्याचा महोत्सव सुरू झाला. महोत्सवाच्या दिवसांत वाहनतळावर बेल्जियम, इटली, जर्मनीच्या नंबरप्लेटा दिसायच्या. गावातल्या बेकरीवालीला मात्र ही पांढऱ्या दाढ्यांची, काळ्या टी-शर्टांची मंडळी नेमकी कशासाठी आलीत याचा पत्ता नसायचा.

मी मूळची सांगलीची. विमानांच्या धंद्यामुळे तुलूझमध्ये मराठी माणसं बऱ्यापैकी आहेत, गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो. पण हा नाद त्यांच्यापैकी कुणाकडून लागला नाही. तो लावला ऑफिसातल्या एका फ्रेंच सहकाऱ्यानं. आता तो निवृत्त आहे. त्याच्या घरातली एक खोली पाहुण्यांची म्हणून बांधली होती. तिथं पाहुणा कधी झोपलेला नाही, कारण जमिनीपासून छतापर्यंत तबकड्या आहेत. 'पिंक फ्लॉइड'सुद्धा असेल ना, असं मी पहिल्या भेटीत विचारलं होतं. तो सौजन्यानं हसला आणि म्हणाला, "ते माझ्या बायकोकडे आहेत."

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक म्हटलं की आपल्याकडे फ्लॉइड, येस, जेनेसिस इथवर गाडी जाते. ही माणसं तिथून पुढे निघतात. त्यांच्या गप्पांत एक तारीख पुन्हापुन्हा येते: १२ मार्च १९७८. त्या दिवशी लंडनच्या न्यू लंडन थिएटरमध्ये पाच देशांचे पाच बँड एका रंगमंचावर आले. इंग्लंडचा हेन्री काऊ, स्वीडनचा साम्ला मामास मान्ना, इटलीचा स्टॉर्मी सिक्स, बेल्जियमचा युनिव्हेर झेरो आणि फ्रान्सचा एत्रों फू लेलूब्लाँ. कार्यक्रमाचं नाव 'रॉक इन ऑपोझिशन', आणि कार्मोच्या महोत्सवानं पुढे हेच नाव घेतलं. विरोध कुणाला, तर रेकॉर्ड कंपन्यांना. तुम्ही ऐकू नये असं कंपन्यांना वाटतं ते हे संगीत, अशा अर्थाची त्यांची घोषणाच होती.

घोषणेत अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. हेन्री काऊ १९६८ साली केंब्रिज विद्यापीठात जमलेला बँड. १९७३ साली व्हर्जिननं त्यांची पहिली तबकडी काढली, त्यानंतर आणखीही काढल्या. पण दशक संपत आलं तेव्हा त्या कंपनीला या लोकांत रस उरला नव्हता. बाकीच्यांची तर त्याहून अडचण. त्यांच्यातले जे गायचे ते इटालियन, फ्रेंच, स्वीडिश अशा आपापल्या भाषांत, आणि इंग्लंड-अमेरिकेच्या बाजाराला ते चालत नव्हतं. मग हेन्री काऊचा ड्रमर ख्रिस कटलर यानं १९७८ सालीच 'रेकमेंडेड रेकॉर्ड्स' सुरू केलं: तबकड्या छापायच्या, इतरांच्या विकायच्या, टपालानं पाठवायच्या, सगळं आपणच. जर्मनीच्या फाउस्ट या बँडच्या बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्या त्यानं १९७९ साली पुन्हा काढल्या. पुढे २००९ मध्ये हेन्री काऊच्या चाळिशीनिमित्त नऊ सीडी आणि एक डीव्हीडी असा संच निघाला, तेव्हा आगाऊ पैसे भरणाऱ्यांना एक जादा सीडी मिळाली. ती जादा सीडी ज्याच्याकडे आहे तो ती दाखवल्याशिवाय तुम्हाला घराबाहेर सोडत नाही.

या सगळ्यात मला ओढून घेणारी गोष्ट हीच. इथला श्रोता नुसता श्रोता राहत नाही. ज्याला तबकडी आवडते तोच ती पोस्टात टाकतो, त्यावर चार पानं लिहितो, आणि वर्षानुवर्षं नोकरी करून जमवलेल्या पैशातून एक दिवस तीच तबकडी नव्यानं छापतो. अमेरिकेत मेरीलँडमधलं क्युनिफॉर्म हे लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी, असंच १९८४ साली उभं राहिलं, फ्रान्समध्ये मेत्झ शहरात म्युझेआ. ही लेबलं म्हणजे मोठी कार्यालयं नव्हेत; बरेचदा एक माणूस, एक टेबल आणि खोक्यांचा ढीग. महोत्सवात ही टेबलं दालनात ओळीनं मांडलेली असत. मधल्या सुट्टीत खरी गर्दी तिथं, कॉफीपाशी नाही.

आणि तिथंच वाद पेटतात. ओरिजिनल की रीइश्यू? म्हणजे पहिल्या छपाईची प्रत की नंतर नव्यानं छापलेली?

उदाहरण द्यूनचं घ्या. नांत शहरातला हा बँड. १९८१ साली त्यांनी 'एरोस' ही एकच तबकडी काढली, तीही स्वतःच्या खर्चानं. चार रचना. बासरी, झायलोफोन, गिटार, आणि ड्रमर कधी श्वास घेतो कळत नाही अशी लय. तबकडी निघाली, थोडी विकली गेली, बँड विखुरला. नंतरच्या वर्षांत तिच्या मूळ प्रतीला जी किंमत येऊ लागली ती बघून त्या पोरांनी कपाळाला हात लावला असेल, कारण त्यातला एकही पैसा त्यांच्याकडे गेलेला नाही. पुढे सोलेय झ्योल या छोट्या फ्रेंच लेबलनं ती सीडीवर आणली आणि जोडीला न छापलेलं ध्वनिमुद्रणही दिलं. आता ती कुणीही ऐकू शकतो.

माझ्या त्या निवृत्त मित्राच्या मते सीडी ही सोय झाली, वस्तू नव्हे. मूळ तबकडी हातात घेतल्यावर १९८१ साल हातात येतं म्हणतो. यावर एका तरण्या इटालियनानं त्याला टेबलापाशीच सुनावलं, "तुमच्या हातात साल येतं, आमच्या कानात संगीत येतं." मी इटालियनाच्या बाजूची. ज्या लोकांनी कंपन्यांशी भांडण मांडलं ते संगीत लोकांपर्यंत जावं म्हणून. त्यांचीच तबकडी कपाटात कुलूपबंद करून किंमत वाढायची वाट बघायची, हे मला पटत नाही. (हे त्याला सांगितलं की तो फक्त कपाट उघडतो आणि काहीतरी वाजवतो. मग वाद घालता येत नाही.)

तरी त्याच्या कारागिरीला मान द्यावा लागतो. रविवारच्या जुन्या बाजारात त्याच्यासोबत फिरायचं म्हणजे शिकवणीच. खोक्यातली तबकडी तो आधी कव्हरवरून नाही, पाठीवरच्या पट्टीवरून ओळखतो. मग ती बाहेर काढून उजेडाला तिरकी धरतो, ओरखडे तेव्हाच दिसतात. मग मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलाभोवतीची गुळगुळीत कड. तिथं कोरलेला मॅट्रिक्स नंबर म्हणजे या वस्तूचा जन्मदाखला. कव्हर बदललेलं असू शकतं, तो नंबर नाही. इंग्लिश तबकड्यांवर तिथं कधी 'पॉर्की' अशी सही सापडते. ती जॉर्ज पेकम या, छपाईसाठीची मूळ तबकडी कोरणाऱ्या तंत्रज्ञाची, आणि ती दिसली की याचा चेहरा उजळतो. हेन्री काऊच्या पहिल्या तीन तबकड्यांच्या कव्हरवर रे स्मिथ या चित्रकारानं केलेला विणलेला मोजा आहे, बँडचं नाव नाही. दुकानदार आत काय आहे ते ओळखू शकत नसे म्हणून ती स्वस्तात मिळायची, असं तो सांगतो. आता मिळत नाही. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळानं प्रत्येक छपाईची नोंद आणि प्रत्येक विक्रीचा भाव सगळ्यांपुढे ठेवला. बाजारातली आजीसुद्धा आता फोनवर भाव बघून मगच आकडा सांगते. तो याबद्दल हळहळतो. मला नाही वाईट वाटत, आजीलाही चार युरो मिळू देत की.

याद्या हा यांचा दुसरा आजार. सगळ्या याद्यांची आजी म्हणजे १९७९ सालची. लंडनच्या तीन तरुणांनी 'नर्स विथ वूंड' या नावानं पहिली तबकडी काढली आणि सोबत आपल्याला आवडलेल्या अनोळखी कलावंतांची नावं छापली. पुढच्या तबकडीबरोबर ती वाढली आणि आकडा २९१ वर गेला. ना वर्णन, ना पत्ता, नुसती नावं. तेव्हापासून जगभरात लोक त्या नावांच्या मागे फिरताहेत. काहींनी उभी हयात घालवली. ते तिघे म्हणजे स्टीव्हन स्टेपलटन, जॉन फॉदरगिल आणि हेमन पाठक. तिसरं नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते, तुम्हीही बसला असाल. पाठक आडनाव आपल्याकडे आहे तसं उत्तरेतही आहे, तेव्हा लगेच पुण्याला जोडायची घाई नको. पण १९७९ च्या लंडनमध्ये, कोणी ऐकत नाही ते ऐकत बसलेल्या पोरांत एक पाठक होता, हे मला आवडतं.

आता पेटीबद्दल. माझ्यासारखीला या संगीताचं दार तिनं उघडलं.

युनिव्हेर झेरोची पहिली तबकडी १९७७ ची. तिच्यात ड्रम आणि गिटार आहेत, पण त्यांच्या शेजारी व्हायोलिन, बासून हे लांब नळीचं लाकडी वाद्य, आणि हार्मोनियम. १९७९ च्या 'एरेझी'मध्येही हार्मोनियम आहे. तिची पहिली रचना पंचवीस मिनिटांची आहे आणि सुरुवातीची बरीच मिनिटं सुरांचा नुसता काळोख. मित्रानं ती लावली तेव्हा मी म्हटलं, "ही तर पेटी." तो म्हणाला, "ही पॅरिसची." दोघांचंही खरं होतं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँनं १८४० च्या दशकात घेतलं. तिथून ती जहाजानं आपल्याकडे आली, संगीत नाटकाच्या पिटात पायपेटी होऊन बसली. जुने पेटीवाले अजूनही पॅरिसचे सूर, जर्मन सूर असं बोलतात. सांगली नाटकवाल्यांचं गाव, तेव्हा हा आवाज माझ्या कानात नांदीचा, मंगल. बेल्जियमच्या या माणसांनी त्याच भात्यातून स्मशान काढलं. पहिल्यांदा ऐकताना मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आता मात्र पायपेटीचा खर्ज ऐकला की दोन्ही ऐकू येतात.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये कार्मोच्या त्या संगीतगृहात युनिव्हेर झेरो, त्यातून फुटून निघालेल्या गिटारवादक रोजे त्रिगोचा प्रेझाँ, आणि आरानिस हे तीन बेल्जियन बँड एकाच रंगमंचावर एकत्र वाजले. माझ्या शेजारी एक जर्मन गृहस्थ मांडीवर बोटं आपटत मात्रा मोजत होते. मीही मोजत होते, टाळी-खाली धरून. रचना संपल्यावर त्यांनी विचारलं, "सात आणि चार?" मी म्हटलं, "अकरा." त्यांना ते फार पटलं आणि पुढचा अर्धा तास मला रुद्र ताल समजावून सांगावा लागला. कागदावर लिहून घेतलं त्यांनी. हे लोक असेच आहेत, काही म्हणून वाया जाऊ देत नाहीत.

बायका कमी. हे सांगायलाच हवं. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग नाही असा हा मी बघितलेला एकमेव मोठा कार्यक्रम. रंगमंचावर मात्र हेन्री काऊच्या दिवसांपासून बायका होत्या. लिंडसे कूपरनं बासून वाजवलं आणि उत्तम रचनाही केल्या. समोर बसणाऱ्यांत त्या का नाहीत, याचं उत्तर पुरुष मंडळी चर्चेत कधी घेत नाहीत. बायको घरी दुसरं संगीत ऐकते, एवढं म्हणून पुन्हा मॅट्रिक्स नंबरांकडे वळतात.

घरून हे वाचून कुणाला ऐकावंसं वाटलं, तर सुरुवात साम्ला मामास मान्नापासून करा. उप्सालाची ही मंडळी विनोदी आहेत, लार्स होल्मरचं अकॉर्डियन आपल्या कानाला लगेच जवळचं वाटतं, आणि १९७३ ची 'मोल्तीद' घरातल्या लहान मुलांनाही आवडेल. मग हेन्री काऊ, तीही पहिलीच. युनिव्हेर झेरो रात्री नको, दुपारी ऐका. आणि मॅग्मा सगळ्यात शेवटी. क्रिस्तियाँ व्हांदेरनं १९६९ पासून चालवलेला हा फ्रेंच बँड गातो तो कोबाया या काल्पनिक ग्रहाच्या भाषेत, व्हांदेरनंच रचलेल्या, आणि त्यांचे भक्त गळ्यात त्यांचं नखांसारखं चिन्ह घालून फिरतात. मोठ्यानं लावावं लागतं, नाहीतर अर्थ नाही. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या मादामनं एकदा वर येऊन विचारलं होतं, तुमच्याकडे काही धार्मिक कार्यक्रम आहे का. मी हो म्हणून सांगितलं.