फोर्ट कॅनिंग: सिंगापूरला गेलात तर टेकडी चढाच

सिंगापूरला जाणारी आपली बरीच मंडळी फोर्ट कॅनिंग पार्कात येतात ती झाडाखालच्या गोल जिन्यात फोटो काढायला. धोबी घाट स्टेशनवरून तिथे चालत जाता येतं. फोटो हवाच असेल तर सकाळी लवकर पोचा, नाहीतर रांगेत ताटकळावं लागतं. पण तिथूनच मागे फिरू नका.

किल्ल्याचं बांधकाम १८५९ मध्ये सुरू झालं, तेव्हा सिंगापूरचा कारभार कलकत्त्याहून चालत होता. नाव दिलं गव्हर्नर जनरल कॅनिंगचं, सत्तावनच्या उठावाच्या वेळचा तोच कॅनिंग. १९०७ मध्ये किल्ला पाडला आणि पुढे माथ्यावर शहरासाठी पाण्याची टाकी बांधली. आता जाडजूड लाकडी दारांचा एक दरवाजा, थोडी तटबंदी आणि उतारावर दडलेला चोरदरवाजा एवढंच शिल्लक आहे. राजगड-रायगड पाहिलेल्यांना हे किरकोळ वाटेल. तरीही चोरदरवाजा शोधाच. वेढा पडलाच तर गुपचूप बाहेर पडण्याची सोय तिथल्या इंग्रजांनाही करावीशी वाटली होती.

माझ्या मते इथलं खरं ठिकाण मात्र जमिनीखाली आहे: बॅटलबॉक्स. दुसऱ्या महायुद्धातलं हे ब्रिटिशांचं भुयारी लष्करी ठाणं. अरुंद बोळ, बुटक्या खोल्या, भिंतींवर नकाशे. १५ फेब्रुवारी १९४२ च्या सकाळी जनरल पर्सिव्हलने इथेच आपल्या सेनाधिकाऱ्यांना बोलावलं आणि जपान्यांना शरण जायचं ठरलं. सह्या संध्याकाळी बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात झाल्या. त्या बैठकीने हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. दोनच दिवसांनी त्यांना फेरर पार्कच्या मैदानावर जपान्यांच्या हवाली केलं गेलं आणि त्यांच्यातूनच आझाद हिंद फौजेची पहिली फळी उभी राहिली. आपल्या इतिहासाचा एवढा मोठा धागा या खोल्यांतून जातो, म्हणून इथे घाई करू नका. प्रवेश विनामूल्य आहे, पण सोमवारी बंद असतं. वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

बागेत तिकीट नाही. चढ फार नाही, पण दमट हवेत घामाच्या धारा लागतात. पाणी, छत्री आणि डासांचं मलम जवळ असू द्या. पावसानंतर पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. गुडघेदुखी असलेल्यांनी टॅक्सीने थेट कॉक्स टेरेसला उतरावं, बॅटलबॉक्स तिथेच आहे. आटोपशीर बघायचं तर दोन-तीन तास पुरतात.

उतरल्यावर अंगात त्राण असेल तर एस्प्लनेड पार्कापर्यंत चालत जा. नेताजींनी १९४५ मध्ये आझाद हिंद फौजेच्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे उभारलं होतं. इंग्रजांनी परत येताच ते उडवून दिलं. त्या जागी आता एक स्मृतिफलक आहे. शाकाहारी जेवणासाठी धोबी घाटहून मेट्रोने पुढचंच स्टेशन गाठा, लिटिल इंडिया.