दूध पुरतंय ना बाळाला?

बाळ पाहायला आलेली प्रत्येक व्यक्ती अंगडे-टोपडे हातात ठेवून झाले की हमखास एकच प्रश्न विचारते, "दूध पुरतंय ना गं बाळाला?" विचारणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नसते, पण टाके ओढत असताना आणि रात्र-दिवसाचा मेळ सुटलेला असताना बाळंतिणीला तो प्रश्न "तू तरी पुरी पडतेस ना?" असाच ऐकू येतो. माहेरी अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू साग्रसंगीत सुरू होते, आणि संध्याकाळी बाळ रडू लागले की घरातल्या साऱ्यांच्या नजरा आधी माझ्या खिरीच्या वाटीकडे वळत.

आई म्हणून आपण योग्य आहोत का, या प्रश्नाला पहाटे तीन वाजता कोणीही उत्तर देऊ शकत नाही. म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला आणि ज्याचे उत्तर मिळू शकते, असे लहान प्रश्न विचारू लागले. ही वाट दाखवली ती घरभेटीला येणाऱ्या आशाताईंनी. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळ पाहावे, अशी सरकारी योजना आहे. त्यांनी बाळाला झोळीत ठेवले, काटा डोळ्यांच्या रेषेत धरला, झोळीचे हेलकावे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आकडा लिहिता लिहिता विचारले, "ताई, दिवसाला लंगोट किती ओले होतात?" मी म्हटले, "आठ तरी होतात." "मग दूध पोटात जातंय की!"

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन जन्मवजनाच्या 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि बहुतेक बाळे दोन आठवड्यांच्या आसपास ते भरून काढतात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान 6 वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध बहुधा पुरेसे असते. संध्याकाळी बाळ तासन् तास अंगावरून हलत नाही, याचा अर्थ दूध आटले असा नव्हे. जितके ओढले जाते, तितके दूध तयार होते. रडणेही साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते, हे आधी कळले असते तर कितीतरी बोलणी मी मनाला लावून घेतली नसती. (बाळगुटी द्यावी की नाही, यावरची चर्चा मात्र आमच्या घरी अजून चालू आहे. सहा महिने पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे मी सोयीने पुढे करते.)

तरीही प्रत्येक शंका लंगोट मोजून मिटत नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येणे नेहमीचे असते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. मात्र त्यानंतरही "माझ्याशिवाय बाळाचे बरे होईल" असे वाटत राहिले, बाळ झोपलेले असूनही झोप येईना, कशातच मन लागेना, तर तो हळवेपणा नसून आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना टाक्यांबद्दल सांगतो तितक्याच सरळपणे हेही सांगावे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो फोन बाळंतिणीनेच करावा असे नाही. नवऱ्याने किंवा आईने लावून दिला तरी चालतो.