बुटातली माती

बूट अजून धुतले नाहीत. कालपासून गॅलरीत उलटे पडलेत. तळाच्या खाचांमध्ये कास पठाराची माती तशीच आहे.

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पठारावर राखणीला होत्या त्या. माझ्या पायाकडे बघून "ताई, कातळावरनं या" एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ते बघणंच डोक्यातून जात नाही.

कुमुदिनीच्या तळ्याकडे जाताना वाटेलगत डबक्यात वायतुरा दिसला. पाण्यातून वर आलेला एक देठ, त्याला दोन फांद्या फुटलेल्या, दोन्हींवर फिकट गुलाबी तुरे. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. नावातच आपला सातारा. जवळून बघावा म्हणून वाट सोडून एक पाऊल टाकलं. एकच. मागे वळले तर चिखलात बुटाचा अख्खा ठसा, आणि त्यात दबलेली इवली फुलं, गेंद आणि सीतेची आसवं.

यंदा एकटीच गेले होते. बाबा असते तर... जाऊ दे.

पठाराच्या जांभ्या दगडावर माती असून असून किती असते? बोटभर. तीही कसदार नाही. म्हणून तर आसवांना पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरावं लागतं. मुळं नाहीतच, ओल्या मातीत लपलेल्या इवल्या पिशव्या आहेत. एवढी खटपट करून जगणाऱ्या झाडावर मी पाय दिला. हजारो लोक येतात, पठार २०१२पासून जागतिक वारशात आहे, हे सगळं रात्री स्वतःला सांगून झालं. पण तो ठसा हजारोंचा नव्हता. माझा होता.

पहाटे जरा निवळले. वायतुऱ्याचा कंद खाली चिखलात असतो. उन्हाळ्यात डबकं आटतं, पानं जातात, कंद तसाच पडून राहतो आणि पावसात पुन्हा उगवतो. माझा पाय तिथवर पोचला नसेल. आसवांना मात्र कंद नाही. त्यांची पुढच्या वर्षाची सारी भिस्त बियांवर, आणि मी तुडवली ती ऐन फुलात होती.

मग बुटांकडे लक्ष गेलं. या मातीत एखादं बी असलंच तर? काडीने खाचा कोरून सगळी माती वर्तमानपत्रावर काढली. चिमूटभर निघाली. पुडी बांधून ठेवली आहे. रविवारी कासला जाणाऱ्या पहिल्या गाडीने निघायचं. कातळावरूनच जाईन, आणि वाकून हात पोचेल तिथे ठेवून येईन.